‘मी असं म्हणूच कशी शकेन?’ : एका धाकट्या भावाचं प्रकरण

मी समुपदेशक आहे आणि ही माझ्याकडे आलेल्या एकाची हकीकत. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि ज्याची ही हकीकत आहे त्याने ती लिहायला परवानगी दिली आहे. त्याला ‘क्ष’ म्हणणं मला जमलं नाही. माणसाला क्ष म्हटलं की त्याचं गणित होतं. म्हणून तो इथे ‘धाकटा’ आणि जिच्याबद्दल तो बोलायला आला ती ‘ताई’.

पार्श्वभूमी

धाकटा आला तेव्हा सदतीस वर्षांचा होता, ताई शेहेचाळीसची. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली. वडील गप्प झाले ते जवळजवळ कायमचेच. वीस वर्षांच्या ताईने शिक्षण अर्धवट सोडलं आणि घर हातात घेतलं. धाकट्याचा अभ्यास, आजारपणं, शाळेतली भांडणं, सगळं तिने निभावलं. यातलं काहीही खोटं नाही आणि पुढचं सगळं समजून घेताना हे विसरून चालणार नाही.

आता वडील एकोणऐंशीचे, ताईजवळ राहतात. धाकटा दुसऱ्या शहरात, बायकोसह. दरमहा घरी पैसे पाठवतो. व्यवसायाने लेखापरीक्षक. दुसऱ्यांच्या हिशोबातली विसंगती शोधण्याचे त्याला पैसे मिळतात.

तो ताईची तक्रार घेऊन आला नव्हता. झोप येत नाही, आणि ऑफिसात अहवालावर सही करताना हात थांबतो, ही तक्रार होती. तीन-तीनदा तपासलेला आकडा चौथ्यांदा तपासल्याशिवाय त्याला पुढे जाता येईना. पहिल्या सेशनच्या शेवटी त्याने मला विचारलं, “मॅडम, मी बोललो ते तुम्ही लिहून घेतलंय ना? पुढच्या वेळी मी वेगळं काही सांगितलं तर मला तिथेच थांबवा.”

इतक्या वर्षांत अनेकांनी मला ‘हे लिहू नका’ असं सांगितलं आहे. लिहून ठेवा, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही, असं सांगणारा हा पहिलाच.

अडचण नेमकी कुठे होती

एक प्रसंग जवळून सांगते. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ताई फोनवर म्हणाली, “तू येऊ नकोस, मी आहे ना. तुझी रजा कशाला वाया घालवतोस?” तो गेला नाही. महिनाभराने नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ताईचा मेसेज आला: ‘ज्यांनी यायला हवं होतं ते आले नाहीत. असो. बाबांसाठी मी आहे.’ खाली काकांचे, मावशीचे हात जोडलेले इमोजी.

धाकट्याने फोन केला. तूच येऊ नकोस म्हणाली होतीस, एवढंच तो बोलला. ताई आधी म्हणाली, “मी असं म्हणूच कशी शकेन?” मग म्हणाली, “तुला यायचंच नव्हतं, म्हणून तुला तसं ऐकू आलं.” मग रडली: “तुझ्यासाठी मी काय काय सोडलं, त्याचं हे फळ?” फोन ठेवताना माफी धाकट्यानेच मागितली होती. कशाबद्दल, ते त्याला मला सांगता आलं नाही.

जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७मध्ये या चालीला नाव दिलं. इंग्रजी आद्याक्षरं जोडून ते ‘डार्व्हो’ होतं: आधी नकार, मग हल्ला, आणि शेवटी सोसणारा कोण आणि दुखावणारा कोण यांची अदलाबदल. ताईच्या फोनमध्ये या तिन्ही पायऱ्या दोन मिनिटांत झाल्या होत्या.

चार दिवसांनी ताईकडून फोटो आला. पाच-सहा वर्षांचा धाकटा तिच्या कडेवर. खाली ‘माझं बाळ’. ते वाचून त्या रात्री आपल्याला झोप लागली, हे त्याने जरा शरमूनच सांगितलं. मला ती शरम महत्त्वाची वाटली. ज्याच्यामुळे जीव गुदमरतो त्याच्याकडूनच हायसं वाटतं, आणि कधी काय मिळेल याचा काही नेम नसतो. डटन आणि पेंटर या दोन संशोधकांनी १९८१मध्ये अशा बंधाची दोन मुळं सांगितली: दोघांमधली सत्तेची दरी, आणि आलटून पालटून मिळणारी माया आणि शिक्षा. सतत वाईट वागणाऱ्या माणसापासून सुटणं त्या मानाने सोपं असतं. फोटो पाठवणारं माणूस सुटत नाही.

धाकट्याला हे इतकी वर्षं ओळखू का आलं नाही? कारण आत्ममग्न माणूस, इंग्रजीत ‘नार्सिसिस्ट’, म्हटलं की आपल्यासमोर बढाईखोर, आरशासमोर उभा असलेला कुणीतरी येतो. ताई साधी राहायची, स्वतःचं कौतुक कधी करायची नाही, स्वतःच्या त्यागाबद्दल मात्र सतत बोलायची. पॉल विंक या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्येच दाखवलं होतं की आत्मप्रेमाचे दोन चेहरे असतात, एक बडेजावाचा आणि एक दुखऱ्या, सहज जखमी होणाऱ्या मनाचा. २०१२मध्ये गेबाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक तऱ्हा मांडली. ‘माझ्याइतकं दुसऱ्यासाठी कुणीच करत नाही’ हाच तिथे मोठेपणाचा मुकुट असतो. आपल्याकडे सेवेला आधीच इतका मान आहे की हा मुकुट कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पहिला निर्णय: नाव द्यायचं की नाही

चौथ्या सेशनला धाकटा एक छापील कागद घेऊन आला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ (२०१३) या संहितेतले आत्ममग्न व्यक्तिमत्त्व विकाराचे नऊ निकष होते त्यावर. निदानासाठी किमान पाच लागतात. त्याने सातांवर खुणा केल्या होत्या, लेखापरीक्षकाच्या सवयीने, हिरव्या शाईत. “म्हणजे ताई नार्सिसिस्ट आहे ना?”

मी सरळ नियम सांगितला. समोर नसलेल्या माणसाचं निदान करता येत नाही, आणि ते तसंही माझं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. शिवाय २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’मध्ये तर हा वेगळा प्रकारच ठेवलेला नाही, तिथे आधी व्यक्तिमत्त्वातल्या बिघाडाची तीव्रता पाहतात. एखाद्यात आत्ममग्न लक्षणं असणं वेगळं आणि विकार असणं वेगळं.

सगळं बरोबर होतं आणि सगळं चुकीच्या वेळी होतं. तो कागद घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, “म्हणजे तुम्हीही.”

त्याने मागितलं होतं निदान, पण त्याला हवी होती साक्ष. ‘तुमच्याशी जे घडलं ते घडलं, तुम्ही ते कल्पनेतून आणलेलं नाही’ हे वाक्य आधी यायला हवं होतं. संहिता दहा मिनिटांनी आली असती तरी चाललं असतं.

दुसरा निर्णय: ताईला सेशनमध्ये बोलावणं

ही या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक. सल्ला माझा होता. एकदा तिघांनी बोलावं, व्हिडिओवर का होईना, असं मी सुचवलं. धाकटा कचरला, पण ‘मॅडम म्हणतायत’ म्हणून तयार झाला. त्या कचरण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

ताई अतिशय छान बोलली. माझे आभार मानले. भावाच्या तब्येतीची काळजी व्यक्त केली. आपल्याकडूनही काही चुकलं असेल, असं म्हणाली. काय चुकलं असेल असं वाटतं, हे विचारल्यावर म्हणाली, “मी त्याच्यावर जरा जास्तच जीव टाकला.” पाऊण तास संपला तेव्हा मला, खरं सांगते, धाकटाच थोडा अतिरेकी वाटायला लागला होता.

पुढच्या सेशनला धाकटा आला तो उतरलेला चेहरा घेऊन. ताईने त्याला सांगितलं होतं, “तुझ्या मॅडमसुद्धा म्हणाल्या, तू बारीकसारीक गोष्टी मनाला लावून घेतोस.” त्याने मला विचारलं, “तुम्ही असं म्हणालात का?”

आणि मला आठवेना. काही क्षण मला खरोखर वाटलं की म्हणाले असेन. उठून नोंदी काढल्या. नोंदीत माझा प्रश्न होता: ‘तो बारीकसारीक गोष्टी मनाला लावून घेतो, असं तुम्हाला वाटतं का?’ प्रश्नचिन्ह गळून पडलं होतं आणि वाक्य माझ्या नावावर जमा झालं होतं.

एका सेशनमध्ये माझी ही अवस्था झाली. या माणसाने सव्वीस वर्षं काढली होती. ती नोंद मी त्याला वाचून दाखवली आणि चूक कबूल केली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला तो त्या वेळी. ‘नार्सिसिस्ट’ हा शब्द मिळूनही जे झालं नसतं, ते त्या प्रश्नचिन्हाने झालं.

दोघांमध्ये एक जण दुसऱ्याला दाबत असेल तर संयुक्त समुपदेशन टाळावं, हे आमच्या प्रशिक्षणात शिकवतात. नवरा-बायकोच्या बाबतीत मी ते पाळते. बहीण-भावाच्या बाबतीत माझ्या ते लक्षातच आलं नाही.

पर्याय कोणते होते

संबंध तोडण्याचा सल्ला त्याला मित्राने आधीच दिला होता. त्या मित्राला ताईशी बोलायचं नव्हतं, आणि त्याचे वडीलही तिच्या घरात नव्हते, त्यामुळे त्याला तो सल्ला सोपा होता. धाकट्याने ताईला तोडलं असतं तर वडिलांकडे जायचा दरवाजा बंद झाला असता. वडिलांचा फोन ताईच उचलायची. “बाबा झोपलेत” हे उत्तर दिवसाच्या कुठल्याही प्रहरी मिळायचं.

धाकट्याला स्वतःला पुरावे समोर ठेवायचे होते. जुने मेसेज, तारखा, पैसे पाठवल्याच्या नोंदी. एकदा सगळं ताळेबंदासारखं मांडलं की तिला मान्य करावंच लागेल, अशी त्याची श्रद्धा होती. ही श्रद्धा व्यवसायातून आलेली होती आणि आत कुठेतरी अकरा वर्षांच्या मुलाचीही होती.

काकांना मध्यस्थ करणं हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत सोडला. काकांचा इमोजी आम्ही पाहिला होता.

“ताई बदलेल का?” हेही त्याने विचारलं. व्यक्तिमत्त्वाच्या अशा घडणीवर ठरावीक औषध नाही. दीर्घ मानसोपचाराने फरक पडू शकतो, पण त्यासाठी त्या माणसाला स्वतःहून यावं लागतं, आणि आपल्यात काही बदलायला हवं हेच जिथे पटत नाही तिथे येणार कोण? त्यामुळे ताईच्या बदलण्यावर अवलंबून असलेला कुठलाही बेत आम्ही आखला नाही.

उरलं ते मधलं: ताईशी संबंध ठेवायचा पण आखून, आणि वडिलांपर्यंत जाणारी वेगळी वाट शोधायची. मारहाण, धमकी किंवा पैशांची कोंडी असती तर मी हा सावकाशीचा मार्ग सुचवला नसता. तिथे आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

काय केलं

पहिली वही. फोन झाल्यावर दहा मिनिटांच्या आत, डाव्या रकान्यात शब्दशः काय बोललं गेलं ते. उजवा रकाना रिकामा. नंतर ताईने त्याच गोष्टीचं वेगळं काही सांगितलं तर ते उजवीकडे. वही फक्त त्याच्यासाठी. ती कुणाला दाखवायची नाही, ताईला तर नाहीच, हे ठरलं होतं.

मग फोन. आठवड्यातून एकदा, रविवारी, वीस मिनिटं. बाकी वेळी मेसेजला छोटं, सभ्य, बिनरंगाचं उत्तर. खुलासे द्यायचे नाहीत. खुलासा दिला की त्याचा पुढच्या वेळी वापर होतो. हे सांगायला सोपं आहे. त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं, ‘उद्या फोन करतो’ हे तीन शब्द लिहून खोडून पुन्हा लिहिण्यात त्याने एकदा चाळीस मिनिटं घालवली होती.

मर्यादा घातल्यावर प्रकरण आधी चिघळणार, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांचं पुस्तक १९५७मध्ये आलं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर कबूतर दाणे बंद झाल्यावरही खूप वेळ टोचत राहतं. आणि एरवीही बक्षीस थांबलं की सुरुवातीला कधी कधी टोचण्याचा जोर वाढलेला दिसतो. धाकटा म्हणाला, “यात कबूतर कोण, मी की ताई?” दोघंही, मी म्हटलं. तो बऱ्याच दिवसांनी हसला.

दुसऱ्याच आठवड्यात एका दिवसात अकरा फोन आले. नंतर ताईची तब्येत बिघडल्याची बातमी काकांकडून आली. त्यानंतर वही फुटली. तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्याला राहवलं नाही आणि त्याने वहीच्या सहा पानांचे फोटो काढून ताईला पाठवले. सकाळपर्यंत ते ग्रुपवर होते. वर ताईची ओळ: ‘ज्याला हाताला धरून लिहायला शिकवलं तो आता माझ्याविरुद्ध वही लिहितो.’ पानांवर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. वही आहे, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. एक आत्येबहीण सोडली तर कुणी त्याला फोन केला नाही.

त्यानंतर सात आठवडे ताईकडून शांतता. त्याला ती अकरा फोनांपेक्षा जड गेली. दर आठवड्याला तो माफीचा एक मसुदा घेऊन यायचा. आम्ही तो मोठ्याने वाचायचो आणि एकच शोधायचो, यात नेमक्या कुठल्या कृत्याची माफी आहे? पाचव्या मसुद्यात एक सापडलं: पानं पाठवायला नको होती. तेवढं एक वाक्य त्याने पाठवलं. उत्तर आलं नाही.

वडिलांच्या बाबतीत आधी आम्ही फसलो. धाकट्याने त्यांना मोठ्या बटणांचा साधा मोबाइल दिला. तो आठवड्यात कपाटात गेला, ‘बाबांना आवाजाचा त्रास होतो’ म्हणून. मग त्याने वडिलांच्याच संमतीने त्यांच्या डॉक्टरांशी थेट बोलायला सुरुवात केली आणि दर सहा आठवड्यांनी, आदल्या दिवशी कळवून, तो जाऊ लागला. गुडघ्याचे व्यायाम करून घेताना तासभर दोघंच असायचे. अशाच एका तासात त्याने विषय काढला. वडील म्हणाले, “मला यात ओढू नका.” आणि पाय ताणायला लागले.

मला वाटतं बरं होण्याचं अवघड काम इथून सुरू झालं. ताईचा राग त्याला कळत होता. वडील इतकी वर्षं बघत होते आणि गप्प होते, हे त्याने तोवर कधी मोजलंच नव्हतं. पॉलीन बॉस या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना मांडली: माणूस गेलेलं नसतं, तरी गमावलेलं असतं, आणि अशा दुःखाला ना दिवस ठरलेले असतात ना भेटायला येणारे. पुढची चार-पाच सेशन्स आम्ही ताईबद्दल जवळजवळ बोललोच नाही.

आणि उपकार? वहीच्या मागच्या बाजूने त्याने ताईने खरंच केलेल्या गोष्टींची यादी लिहिली. तापात फणफणत असताना तीन रात्री बसून काढलेल्या, गणितात नापास झाल्यावर वडिलांपासून लपवलेलं प्रगतिपुस्तक. साडेतीन पानं भरली. मी त्याला त्यातली एकही ओळ खोडायला सांगितली नाही. त्या यादीवर कधीतरी शिल्लक शून्य होते का, एवढंच त्याला ठरवायचं होतं. नेहमी अहवालावर सही करताना अडणाऱ्या या माणसाने त्या पानाखाली तारीख टाकून सही केली. हे मी सुचवलेलं नव्हतं.

चौदा महिन्यांनंतर

झोप येते. ऑफिसात आकडा दोनदा तपासतो. ताई आहे तशीच आहे. काकांच्या घरचं बोलावणं येत नाही. आत्येबहीण अधूनमधून फोन करते आणि ताईचा विषय काढत नाही, हे तिचं मोठेपण. रविवारी दुपारनंतर त्याच्या पोटात अजून गोळा येतो.

शांततेनंतर एक दिवस तोच फोटो पुन्हा आला, कडेवरचा. त्याने लिहिलं, ‘फोटो छान आहे.’ किती वेळ लागला, मी विचारलं. “चार मिनिटं,” तो म्हणाला. “पहिल्या तीन मिनिटांत मी फोटोच बघत होतो.”

पुन्हा करायचं झालं तर

संयुक्त सेशन अजिबात नाही. निकषांचा कागद आला की आधी माणसाचं ऐकून घेणं, नंतर नियम. वही कुणाला दाखवायची नाही हे नुसतं ठरवून भागत नाही. दाखवावीशी वाटेल त्या रात्री कुणाला फोन करायचा, हेही ठरवायला हवं होतं. ती रात्र येणार हे मला माहीत असायला हवं होतं.

त्याच्या बायकोबद्दल माझं अजून नक्की ठरत नाही. ती नऊ वर्षं हे जवळून पाहत होती आणि मी तिच्याशी सातव्या महिन्यात बोलले. आधी बोलले असते तर कितीतरी गोष्टी लवकर कळल्या असत्या. पण खरं काय घडलं ते दुसऱ्याकडून ऐकून घ्यायची सवय मोडायलाच तो आला होता. तिचा आवाज कितीही खरा असला तरी तो पुन्हा बाहेरूनच आला असता. एकदा ती म्हणाली, “मी त्याला शंभरदा सांगितलं होतं.” मी म्हटलं, तेच.

सेशन्स आता महिन्याला एक. मागच्या वेळी निघताना त्याने वही टेबलावर विसरली. मी ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशी तो न्यायला आला तेव्हा त्यानेच चाळून दाखवली. शेवटच्या दोन महिन्यांची पानं मोजकीच होती. डावीकडे दोन-तीन ओळी. उजवा रकाना आखायचं त्याने सोडून दिलं होतं.